वाळूतली रांगोळी : कलम ३७ आणि अशोक स्तंभ



मागच्या खेपेला आपण इथल्या खजुराचे लाडू वळले. या वेळी स्वयंपाकघरातून उठून थेट रस्त्यावर यायचं आहे. तेव्हा पट्टे बांधा!

गोष्ट २०१८ च्या जून महिन्यातली. तारीख २३ संपून २४ लागत होती. मध्यरात्रीच्या ठोक्याला सौदी अरेबियात बायकांना गाडी चालवायची मुभा मिळणार होती. राजेसाहेबांचं फर्मान निघालं होतं २६ सप्टेंबर २०१७ ला, पण अंमल त्या रात्रीपासून. आम्ही दोघं खोबरच्या कॉर्निशवर जाऊन बसलो होतो. चष्म्याच्या काचेवर वाफ धरावी असा दमट उकाडा. बारा वाजून गेले आणि थोड्या वेळाने एक पांढरी गाडी समोरून हळूहळू गेली. चालवणारी बाई काळ्या अबायात, शेजारी एक म्हातारी, बहुधा तिची आई. म्हातारी खिडकीतून सगळ्यांना हात करत होती. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आज सांगते. मी १९९६ साली लग्न होऊन इथे आले. त्याआधी नाशिकला माझी लूना होती. कॉलेज रोड, सी.बी.एस., रविवार कारंजा... सगळं गाव त्या लूनावर पालथं घातलेलं. वडिलांना दवाखान्यात नेणारी मी, धाकट्या भावाला क्लासला सोडणारी मी. आणि इथे आले ती बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसले. भाजी आणायची तर "अहो, कधी येताय?" मुलाला ताप आला तर "अहो, लवकर या." टॅक्सी होती, शेजारच्या भाभींचा ड्रायव्हर होता, उपाशी कुणी राहिलं नाही. पण "मी जाऊन येते" हे साधं वाक्य माझ्या तोंडातून गेलं ते गेलंच.

"शिकायचंय का तुला?" यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं आणि इथूनच रामायण सुरू झालं.

आमचे हे एका कंपनीच्या प्रशिक्षण विभागात आहेत. इन्स्ट्रक्शनल डिझाइन असं त्या कामाचं भारदस्त नाव. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमचा बाळ मास्तरांना शिकवतो." फारसं चुकीचं नाही ते. पंप कसा सुरू करायचा, व्हॉल्व्ह कसा बदलायचा, हे नव्या कामगाराला शिकवायचं तर धडा कसा आखावा, हे ठरवणारा माणूस. आणि त्याचं मुख्य हत्यार म्हणजे टास्क अ‍ॅनालिसिस, कामाची फोड.

पुरणपोळी हे एक काम. पण डाळ शिजवणं, कट काढणं, पुरण वाटणं, कणीक तिंबणं, उंडा भरणं, लाटणं, भाजणं ही त्याची पोटकामं. आणि कट काढताना डाळ सांडू न देणं हे पोटकामाचं पोटकाम. अशी फोड करत जायचं, जिथे समोरच्याला "एवढं मला येतं" म्हणता येईल तिथे थांबायचं. कल्पना जुनी आहे. १९१९ साली अमेरिकेत चार्ल्स अ‍ॅलन यांनी कारागिरांना शिकवणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कारखान्यांना नवखी माणसं भराभर तयार करायची होती, तेव्हा त्याच धर्तीवर कामाचे तक्ते बनले. एका बाजूला पायरी, दुसऱ्या बाजूला त्या पायरीतली मेख. १९५३ मध्ये रॉबर्ट मिलर यांनी अमेरिकन हवाई दलासाठी ही पद्धत शिस्तीत बसवली. १९६७ मध्ये इंग्लंडात अ‍ॅनेट आणि डंकन यांनी मोठं काम खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान अशी उतरंडच रचून दाखवली.

आपल्या खोबरचाही कामगार शिकवण्याच्या इतिहासात मान आहे बरं का! १९४० साली इथल्या तेल कंपनीने सौदी कामगारांना इंग्रजी शिकवायला शाळा काढली ती याच गावात, एका भाड्याच्या घरात. तेव्हा खोबर म्हणजे मासेमारांची छोटीशी वस्ती. आज त्याच गावात राहून मी गाडी शिकायला निघाले होते, म्हणजे परंपरा तशी थोर!

तर यांनी दोन रात्री जागून माझ्यासाठी यादी केली. सहा पानं, ११२ कलमं. "दार उघडणे" इथपासून "हँडब्रेक ओढून दार लावणे" इथपर्यंत. कलम ३७ होतं : "गोल चौकात शिरण्यापूर्वी आतल्या वाहनांना वाट देणे, वेग कमी करणे, आरसे पाहणे, सिग्नल देणे, योग्य मार्गिका निवडणे." मला वाटलं, हा माणूस अति करतो आहे. पुढे कळलं की तो बराच संयमी निघाला. १९७० साली अमेरिकेत मॅकनाइट आणि अ‍ॅडम्स या दोघांनी गाडी चालवण्याच्या कामाची फोड केली, तेव्हा पोटकामांची संख्या दीड हजाराच्या वर गेली होती!

आमच्या कंपाउंडच्या मागच्या बाजूला मोठं पार्किंग आहे. शुक्रवारी सकाळी तिथे चिटपाखरू नसतं. मी चाकावर, हे शेजारी, मांडीवर यादी. "कलम चार. आरसा." "बघितला." "कलम पाच. पाय ब्रेकवर." "आहे." "मग कलम सहा आधी का केलंस?" अर्ध्या तासात मला घाम फुटला. गाडी एसीत, मी घामात. एका रिकाम्या खांबाभोवती फेरी मारायची होती, म्हणजे तोच गोल चौक. तिथे माझा हात आपोआप डाव्या बाजूला गेला. नाशिकच्या अशोक स्तंभाला जसं जायचं तसं. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, चौकालाही उलट्या अंगाने फिरतात. हे जे काही ओरडले, ते मी इथे लिहीत नाही. संपादक छापणार नाहीत.

"कलम सदतीस! सांगितलं होतं ना!"

मी गाडी तिथेच बंद केली, किल्ली यांच्या हातात दिली आणि पायी घरी आले. पुढचे तीन शुक्रवार कुणी गाडीचं नाव काढलं नाही. घरात आम्ही एकमेकांशी फक्त मीठ-तिखटापुरतं बोलत होतो. मला राग यादीचा नव्हता. बावीस वर्षांनी कुणीतरी दार उघडलं आणि मलाच आत जाता येत नाही, याचा होता. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला "तुला जमणार नाही" हे कुणी म्हणावं लागत नाही. ती स्वतःच म्हणते.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. ती साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिला सगळं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "वहिनी, दादा चूक नाही गं. पण तो कामाची फोड करतो, माणसाची नाही."

मग तिने कुमठे बीटाबद्दल सांगितलं. सातारा तालुक्यातल्या या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी वर्गाची रीत बदलली होती. मुलं बाकांऐवजी जमिनीवर, फरशीवर काढलेल्या आकृत्यांभोवती, वस्तू हाताळत शिकायची. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले, त्यांत आमची नणंदही. २०१५ च्या जूनमध्ये सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम काढला तेव्हा गावोगाव ज्ञानरचनावाद आणि मेंदूआधारित शिक्षण हे शब्द ऐकू येऊ लागले.

"शब्द सोड," ती म्हणाली. "आम्ही तीन गोष्टी शिकलो. पोराची पाटी कोरी नसते, आधी काय येतं ते बघ. एका वेळी घास तोंडात मावेल एवढाच दे. आणि घाबरलेलं पोर शिकत नाही, आधी भीती काढ. दादाने यातलं काय केलं?"

एकही नाही. मी यांना तसं सांगितलं. चिडतील वाटलं होतं, पण हे गप्प झाले आणि रात्री कपाटातून जुनी पुस्तकं काढून बसले. पुढचे काही दिवस आमच्याकडे जेवताना मेंदू असायचा. (शब्दशः घेऊ नका!) त्यातलं मला जे पटलं, तेवढं इथे मांडते.

पहिलं, घास. १९५६ साली जॉर्ज मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लिहिलं की माणसाच्या मनात एका वेळी साधारण सात गोष्टी मावतात, एखाद-दोन कमी-जास्त. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा आणखी खाली आणला : खरं तर चारच्या आसपास. कलम ३७ मध्ये पाच गोष्टी होत्या आणि त्या सगळ्या दोन सेकंदांत करायच्या होत्या! मात्र यात एक गंमत आहे. "गोष्ट" किती मोठी असावी यावर बंधन नाही. पोळी लाटणाऱ्या बाईच्या डोक्यात "लाटणं" ही एकच गोष्ट असते, नवशिकीच्या डोक्यात त्याच्या दहा. शिकणं म्हणजे दहाची एक पुडी बांधणं.

दुसरं, भीती. घाबरलं की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं आणि विचार करून ठरवणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागाचं काम ढिलं पडतं. रेनाटे आणि जॉफ्री केन या अमेरिकन दांपत्याने १९९१ साली मेंदू आणि शिकणं यावर पुस्तक लिहिलं, बारा तत्त्वं मांडली. त्यातलं एक साधारण असं : आव्हानाने शिकणं वाढतं, धाकाने आखडतं. दांपत्याने लिहिलंय म्हणजे त्यांनीही एकमेकांना गाडी शिकवली असणार, असा मला दाट संशय आहे.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हाताला जे येतं ते तोंडाला सांगता येत नाही.

यांनी एक जुनी आठवण सांगितली. पंपावर पंचवीस वर्षं काम केलेला एक केरळी ऑपरेटर होता. त्याच्याकडून कामाची फोड लिहून घ्यायला हे वही घेऊन बसले. "पंप सुरू झाल्यावर काय बघतोस?" तो म्हणाला, "प्रेशरचा काटा." यांनी लिहिलं. पण बोलताना त्याचा तळहात पंपाच्या अंगावर होता आणि मान थोडी कललेली. थरथर तो हाताने जोखत होता, आवाज कानाने. विचारलं तेव्हा म्हणाला, "हात? हो का? माझ्या लक्षातच नव्हतं." दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रिचर्ड क्लार्क यांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. मुरलेला माणूस आपलं काम सांगताना त्यातले महत्त्वाचे निर्णय आणि खुणा गाळतो आणि हे गळणं ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं असं ते म्हणतात. लपवायचं म्हणून नव्हे, त्यालाच ते दिसत नाही म्हणून.

असं का होतं, याचा धागा एका दुर्दैवी माणसाकडून मिळाला. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन तरुणाला फेफऱ्याचे झटके यायचे. १९५३ साली त्याच्या मेंदूच्या आतल्या बाजूचा थोडा भाग शस्त्रक्रियेने काढला. झटके कमी झाले, पण नवं काही लक्षात राहणंच बंद झालं. ब्रेंडा मिलनर या बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. कठीण असतं ते, करून बघा. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला. पण रोज तो म्हणायचा, हे मी पहिल्यांदाच करतोय! म्हणजे हाताची आठवण आणि तोंडाची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. आजीला "किती पीठ?" विचारलं की ती "अंदाजाने" म्हणते. आजी टाळत नसते. तिचा अंदाज तिच्या हातात असतो.

तर मंडळी, आम्ही यादी फाडली नाही. (हे विचारूच नका, प्रशिक्षण विभाग!) पण फोड पुन्हा केली, या वेळी दोघांनी मिळून. हे गाडी चालवणार, मी शेजारी वही घेऊन. बावीस वर्षांची माझी हक्काची जागा! खोबरहून धहरानकडे, कधी हाफ मून बेकडे. मी विचारायची, "आत्ता वेग का कमी केलात?" हे म्हणायचे, "कुठे केला?" "केलात. काटा बघितला मी." मग आठवून आठवून सांगायचे : पुढच्या पांढऱ्या गाडीची पुढची चाकं जराशी वळलेली दिसली. किंवा, शाळेची बस थांबली होती, पलीकडून पोर येईल. या गोष्टी ११२ कलमांत कुठेही नव्हत्या. आणि चालवायच्या असतात त्या ह्याच.

मग उलटं केलं. यांनी मला विचारलं, "लूनावर तू काय बघायचीस?" मी सांगत गेले आणि मलाच नवल वाटलं. रिक्षावाल्याची मान कुठे वळते ते. दुकानापुढे उभ्या गाडीचं दार उघडेल का ते. कुत्र्याचा कान! अंतराचा अंदाज, वळणाआधी खांद्यावरून मागे बघणं, गर्दीत वाट काढताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणं, हे सगळं मला येत होतं. यांच्या यादीतली निम्मी कलमं माझ्या अंगात वीस वर्षांपूर्वीच मुरली होती. नवीन होतं ते थोडंच : गाडीची लांबी-रुंदी, ब्रेकवरचा पाय आणि उजवी बाजू. आणि उजवी बाजू तर नुसती नवी नव्हती, जुन्या सवयीच्या विरुद्ध होती. अशोक स्तंभ माझ्या हातात इतका पक्का होता की तो आधी सोडवावा लागणार होता. पुस्तकं म्हणतात, नवं शिकणं जुन्यावर बसतं. मी म्हणते, जुन्यावर बसतं आणि कधी कधी जुन्याला अडखळतंही. शिकवणाऱ्याने दोन्ही शोधायला हवं.

शेवटी ११२ कलमांच्या चार पुड्या बांधल्या : गाडी, जागा, माणसं, वाट. आधी नुसती गाडी, मोकळ्या पार्किंगमध्ये. ती अंगवळणी पडली की जागा, म्हणजे दोन डब्यांच्या मधून जाणं, मागे घेणं. मग माणसं, मग वाट. एक पुडी पक्की झाल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. पण रोज निघण्यापूर्वी अख्खं चित्र एकदा डोळ्यांसमोर आणायचं : आपण कुठे जाणार, का जाणार. खांबाभोवती मात्र पंधरा दिवस मी नुसती पायी फिरले, उलट्या अंगाने. कंपाउंडमधल्या बायकांना वाटलं, नवस बोललेय.

पुढे रीतसर ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं, माझ्या वाट्याला ३० तासांचा कोर्स आला. मी रोज थोडं-थोडं जायचं ठरवलं. याचंही कारण पुस्तकात सापडलं होतं. १९७८ साली बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटिश पोस्टाच्या कामगारांचा अभ्यास छापला. ते लोक कळफलक चालवायला शिकत होते. काही जण रोज एकच तास शिकले, काही दोन-दोन तास दिवसातून दोनदा. एकूण तास मोजले तर रोज एक तासवाले कमी तासांत तयार झाले. गंमत म्हणजे तेच सगळ्यांत नाखूश होते, कारण दिवस जास्त लागत होते! मेंदूला मुरायला वेळ लागतो, झोपही लागते. दही विरजण लावून दर दहा मिनिटांनी हलवलं तर लागेल का?

आता थोडं सावधही करते, नाहीतर म्हणाल ही बाई मेंदूची एजंट झाली. मेंदूच्या नावाखाली बाजारात बरंच भूस विकलं जातं. डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कलावंत, आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, अमुक मूल फक्त डोळ्यांनी शिकतं आणि तमुक फक्त कानांनी, या गोष्टींना आधार नाही. जॉन ब्रूअर यांनी १९९७ मध्येच बजावलं होतं की मेंदूच्या प्रयोगशाळेतून थेट वर्गात उडी मारू नका, अंतर फार आहे; मधला पूल मानसशास्त्राचा आहे. आम्हाला जे उपयोगी पडलं त्यातलं बरंचसं त्या मधल्या पुलावरचंच आहे.

आणि यादीवाल्यांनीही फुशारू नये. मॅकनाइट मंडळींच्या त्या दीड हजार पोटकामांवरून पुढे अमेरिकेत एक उत्तम अभ्यासक्रम बनला. १९७० च्या दशकाच्या शेवटी जॉर्जिया राज्यातल्या डीकॅल्ब परगण्यात सुमारे १६,००० शाळकरी मुलांवर तो तपासला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले : एकाला पूर्ण अभ्यासक्रम, एकाला छोटा, एकाला काहीच नाही. पूर्ण शिकलेल्यांना सुरुवातीचे काही महिने थोडा फायदा दिसला, मग तो विरून गेला. अपघात काही टिकाऊ कमी झाले नाहीत. कारणांवर वाद झाले आणि अजून होतात. मी आपली एवढंच घेते की प्रत्येक पायरी येणं आणि रस्त्यावर शहाणपणाने वागणं यांत अंतर आहे. ते यादीने भरत नाही. सोबत, सराव आणि काळ लागतो.

मला २०१९ च्या सुरुवातीला लायसन मिळालं. दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत काय झालं ते विचारू नका. (नाही, चौक नव्हता!)

आणि त्याच वर्षी, ऑगस्टमधली एक रात्र. दोन वाजले असतील. हे पोटाला हात लावून पलंगावर वाकडे झालेले, ओठ पांढरे. मुतखडा. या वाळवंटात घाम जास्त, पाणी कमी, घरोघरी एक तरी खडेवाला. पूर्वी अशा वेळी मी काय केलं असतं? शेजारच्यांना उठवलं असतं, टॅक्सी शोधली असती. त्या रात्री मी किल्ली घेतली. यांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि निघाले. रस्त्यावर दिवे आणि मी. मधे तो गोल चौक आला. डावीकडून एक ट्रक येत होता, मी थांबले, त्याला जाऊ दिलं, आत शिरले, बाहेर पडले. कलम ३७ मनात आलंच नाही. त्याच्या पाच गोष्टी केव्हाच एक झाल्या होत्या आणि ती माझ्या हातात जाऊन बसली होती.

मागून एकदाही सूचना आली नाही. दवाखान्याच्या दारात हे कण्हत एवढंच म्हणाले, "बरी चालवतेस." लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. एवढी मोठी स्तुती पहिल्यांदाच.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच. आपल्यातल्या बऱ्याच घरांतून या सुट्टीनंतर मुलं कॉलेजसाठी पुण्या-मुंबईला जातील. आया याद्या करतायत, मला माहीत आहे! कुकरच्या शिट्ट्या, कपड्यांचे रंग, बँक, औषधं. परवा आमच्या एका मैत्रिणीने लेकीसाठी चौदा पानं लिहिली आणि लेक रडत बसली. मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. यादी जरूर करा, पण मुलीच्या हातात देण्याआधी तिला स्वयंपाकघरात एकटी सोडा आणि बघा, तिला काय आधीच येतंय. स्वतः वरण-भात करताना तिला शेजारी उभी करा आणि म्हणा, "मी काय करते ते तू लिही." तुम्ही कुकरचा आवाज ऐकून गॅस बारीक करता, हे तिलाच दिसेल, तुम्हाला नाही. एका आठवड्यात एकच पुडी. आणि भात करपला तर ओरडू नका. करपलेला भात तिला पुढच्या वेळी आवाज ऐकायला शिकवेल, तुमचा आवाज चढला तर ती फक्त तुमचा आवाज ऐकेल.

पोरं लांब जाणार म्हणून आपल्याला भीती वाटते, म्हणून आपण याद्या लांबवतो. माझ्या यादीची सहा पानं यांच्या काळजीचीच होती, हे मला फार उशिरा कळलं. ती अजून आमच्या गाडीच्या खणात आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर मी भाजीची यादी लिहिते.

मी जाऊन येते.